टॅब दाबल्यानंतर

२०२५ सालच्या फेब्रुवारी ते जून या काळात कॅलिफोर्नियातल्या एमईटीआर या ना-नफा संशोधन संस्थेने एक प्रयोग केला. त्यासाठी १६ अनुभवी प्रोग्रॅमर निवडले गेले. मोठ्या ओपन सोर्स प्रकल्पांत वर्षानुवर्षं काम केलेली, तिथल्या कोडचा कानाकोपरा माहीत असलेली ही माणसं. त्यांच्या प्रकल्पांचा आकार सरासरी दहा लाख ओळींच्या वर होता. त्यांनी आपली खरीखुरी, करायची राहिलेली कामं यादीत मांडली: बग काढायचे, नवी सोय घालायची, जुना कोड पुन्हा नीट रचायचा. अशी २४६ कामं जमली. प्रत्येक कामापुढे चिठ्ठी टाकून ठरवलं गेलं, की इथे एआय वापरायची मुभा आहे किंवा इथे ते अजिबात वापरायचं नाही. मुभा असलेल्या कामांत बहुतेकांनी कर्सर हा एडिटर आणि त्यात क्लॉडची तेव्हाची मॉडेल्स वापरली. तासाला दीडशे डॉलर मानधन होतं आणि काम चालू असताना पडद्यावरचं सगळं रेकॉर्ड होत होतं.

काम सुरू करण्याआधी प्रोग्रॅमरांना विचारलं, एआयमुळे किती वेळ वाचेल? त्यांचा सरासरी अंदाज होता २४ टक्के. अर्थतज्ज्ञांना आणि मशीन लर्निंगच्या जाणकारांनाही हाच प्रश्न विचारला होता. ते आणखी आशावादी निघाले, त्यांचे अंदाज ३८-३९ टक्क्यांच्या घरात होते. सगळी कामं उरकल्यावर प्रोग्रॅमरांना पुन्हा विचारलं. ते म्हणाले, साधारण २० टक्के वेळ वाचला. प्रत्यक्षात घड्याळ वेगळंच सांगत होतं. एआयची मुभा असलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला होता.

या निकालाची बातमी ‘एआयमुळे प्रोग्रॅमर मंदावतात’ अशी झाली. माझ्या मते त्यातली मोठी गोष्ट ती नव्हे. सोळा माणसं, ओळखीचे प्रकल्प, त्या वर्षाच्या सुरुवातीची मॉडेल्स, आणि निम्म्याहून अधिकांनी त्याआधी कर्सर वापरलेलाच नव्हता. एवढ्या सामग्रीवर साऱ्या जगाचा निकाल लावता येत नाही, आणि संशोधकांनीही तसा दावा केला नाही. मोठी गोष्ट आहे ती जाणवलेल्या आणि मोजलेल्या वेगातल्या फरकाची. अत्यंत कुशल, प्रामाणिक, स्वतःच्या कामाची नस ओळखणारी माणसं आपल्याच वेळेबद्दल जवळजवळ चाळीस टक्क्यांच्या फरकाने चुकली. मग एखाद्या कंपनीने आपल्या हजार प्रोग्रॅमरांना नुसतं विचारलं, ‘एआयचा फायदा होतोय का?’, आणि ऐंशी टक्के लोक ‘हो’ म्हणाले, तर त्या उत्तरावर किती विसंबायचं?

असं का व्हावं, याचा थोडा अंदाज रेकॉर्डिंगवरून येतो. एआयने पुढे केलेला कोड या मंडळींनी निम्म्याहून कमी वेळा स्वीकारला. उरलेला वाचला, तपासला आणि टाकून दिला. एकूण वेळातला सुमारे ९ टक्के वेळ एआयने लिहिलेलं वाचण्यात आणि साफ करण्यात गेला. सूचना लिहा, उत्तराची वाट पाहा, आलेलं वाचा, दुरुस्त करा. या सगळ्यात मेंदूवरचा ताण कमी वाटतो, कारण कोऱ्या पडद्याकडे पाहत बसावं लागत नाही. ताण कमी झाला की वेळही कमी गेला असं वाटतं. श्रम हलके होणं हाही फायदाच आहे आणि तो कमी लेखू नये. पण त्याची नोंद वेगळ्या रकान्यात व्हायला हवी.

आता याच्या अगदी उलट दिसणारे आकडे पाहू. गिटहबचं कोपायलट हे कोड सुचवणारं एआय साधन जून २०२१ मध्ये चाचणीसाठी आलं आणि जून २०२२ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. त्याच सुमारास झालेल्या एका प्रयोगात ९५ व्यावसायिक प्रोग्रॅमरांना जावास्क्रिप्टमध्ये एक एचटीटीपी सर्व्हर लिहायला दिला होता. कोपायलट असलेल्यांना सरासरी १ तास ११ मिनिटं लागली, नसलेल्यांना २ तास ४१ मिनिटं. म्हणजे ५५ टक्क्यांहून अधिक बचत. पुढे विक्रीच्या सादरीकरणांत हा आकडा झळकत राहिला. आकडा खरा आहे. प्रश्न काम कोणतं होतं याचा आहे. एचटीटीपी सर्व्हर हे हजारो वेळा लिहिलं गेलेलं, पाठ्यपुस्तकातलं काम. कोरी पाटी, जुन्या कोडचं ओझं नाही, सहकाऱ्याची परवानगी नाही, ग्राहकाचा फोन नाही.

प्रत्यक्ष कंपन्यांत काय घडतं, याचं त्याहून चांगलं उत्तर २०२४ मध्ये आलं. मायक्रोसॉफ्ट, अॅक्सेंचर आणि नाव न सांगितलेली एक बडी अमेरिकन कंपनी अशा तीन ठिकाणच्या प्रयोगांतून ४,८६७ प्रोग्रॅमरांची माहिती एकत्र केली गेली. कोपायलट कोणाला आधी मिळेल हे तिथेही यादृच्छिकपणे ठरवलं होतं. पूर्ण झालेल्या कामांत सुमारे २६ टक्के वाढ दिसली. नवख्यांनी हे साधन जास्त उचललं आणि त्यांना फायदाही जास्त झाला. आतापर्यंत पाहिलेल्या तिन्ही अभ्यासांच्या निष्कर्षांत मला विरोध दिसत नाही. काम नवं की जुनं, माणूस मुरलेला की शिकाऊ, प्रकल्प ओळखीचा की अनोळखी, यावर उत्तर बदलतं. म्हणून दुसऱ्याच्या प्रयोगातला आकडा उचलून आपल्या टीमच्या माथी मारता येत नाही. आपल्याकडचं आपणच मोजावं लागतं.

कंपन्या मोजतात ते कसं? बहुतेक ठिकाणी सुरुवात लायसन्सपासून होते. पाचशे लायसन्स घेतली, चारशे जणांनी चालू केली, तीनशे जण आठवड्यातून एकदा तरी वापरतात, दीडशे जण रोज. इथपर्यंत मोजलेली गोष्ट फक्त हजेरी असते. वाचनालयातून पुस्तक घरी नेलं म्हणजे ते वाचून झालं असं होत नाही, तसंच हे. तरी हजेरी निरुपयोगी नाही. महिन्यापूर्वी वापरणारे पन्नास लोक आता वापरत नसतील तर त्यांच्याशी बोलायला हवं, कारण सोडून देणाऱ्यांकडे जी माहिती असते ती कौतुक करणाऱ्यांकडे नसते. एखाद्या टीममध्ये कोणीच वापरत नसेल, तर तिथला एडिटर जुना आहे, ग्राहकाने बंदी घातली आहे, की कोडची भाषाच अशी आहे की मॉडेलला ती धड येत नाही, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

हजेरीनंतर येतो स्वीकाराचा दर. प्रोग्रॅमर टाइप करत असतो, पुढे राखाडी अक्षरांत सूचना उमटते, टॅब दाबला की ती कोडमध्ये बसते. दाखवलेल्या सूचनांपैकी किती स्वीकारल्या, हा तो दर. गिटहबच्या संशोधकांनी २०२२ मध्ये हा दर बारकाईने तपासला. स्वीकारलेला कोड अर्ध्या मिनिटाने, दोन मिनिटांनी, पाच मिनिटांनी, दहा मिनिटांनी किती शिल्लक राहतो, हेही त्यांनी मोजलं. प्रोग्रॅमरांच्या ‘माझं काम जास्त उरकतं’ या भावनेशी सगळ्यांत जास्त जुळला तो साधा स्वीकाराचा दर. कोड किती टिकला यापेक्षाही जास्त. आणखी एक गोष्ट त्यात दिसली: हा दर शनिवार-रविवारी आणि कामाच्या वेळेबाहेर किंचित वाढतो. त्याचं कारण काहीही असो, मोजणाऱ्याने घ्यायचा धडा सरळ आहे. साधन तेच, माणूस तोच, तरी दर हलतो. जो आकडा वारानुसार हलतो त्यावरून माणसांची तुलना करू नये.

शिवाय तो अभ्यास स्वीकाराचा दर भावनेशी जोडतो. आणि भावना घड्याळाशी किती जुळते, ते आपण सुरुवातीला पाहिलंच.

टॅब दाबल्यानंतर काय घडू शकतं, ते एका उदाहरणातून बघू. समजा एका टीमला ग्राहकांच्या फाइलमधल्या तारखा वाचायच्या आहेत. प्रोग्रॅमर पायथॉनमध्ये फंक्शनचं नाव टाइप करतो, एआय दहा-बारा ओळी पुढे करतं, त्यात डेटयुटिल ही प्रसिद्ध लायब्ररी वापरलेली असते. प्रोग्रॅमर टॅब दाबतो. डॅशबोर्डवर एक स्वीकार, बारा ओळी. टेस्टही एआयच लिहून देतं: १५-०८-२०२५ ही तारीख दिली की १५ ऑगस्ट यायला हवा. येतो. टेस्ट हिरवी. पण ही लायब्ररी, वेगळं सांगितलं नाही तर, अमेरिकन पद्धतीने आधी महिना आणि मग दिवस धरते. १५ हा महिना असूच शकत नाही म्हणून तिथे ती आपणहून अदलाबदल करते आणि उत्तर बरोबर येतं. ०३-०४-२०२५ आली की मात्र ती ३ एप्रिलऐवजी ४ मार्च वाचते, तेही कुठलीही कुरकुर न करता. सहकारी रिव्ह्यू करतो, त्याच्यापुढे त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त पुल रिक्वेस्ट आहेत, तो चाळून मंजुरी देतो. कोड मर्ज होतो. तीन आठवड्यांनी कोणाचा तरी हप्ता चुकीच्या तारखेला थकीत दाखवला जातो. दुसऱ्याच टीममधला कोणीतरी दोन दिवस घालवून मूळ शोधतो आणि लायब्ररीला ‘दिवस आधी’ हे सांगणारा एक शब्द घालतो.

आता हिशेब मांडा. डॅशबोर्डवर बारा ओळींचा फायदा नोंदला गेला आणि तो कायम राहिला. दोन दिवसांचा खर्च दुसऱ्या टीमच्या टाइमशीटवर पडला. या दोन नोंदींना जोडणारा धागा कुठेच नाही. हीच चूक माणूसही करू शकतो, करतोच. पण कोड लिहिण्याचा वेग वाढला आणि तपासण्याचा वेग तेवढाच राहिला, की अशा चुका निसटण्याची जागा वाढते. स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०२५ च्या पाहणीत ८४ टक्के लोक एआय साधनं वापरतात किंवा वापरणार आहेत असं म्हणाले. त्याच पाहणीत ४६ टक्क्यांनी त्यांच्या अचूकतेवर भरवसा नसल्याचं सांगितलं. सगळ्यांत मोठी तक्रार होती ती ‘जवळजवळ बरोबर, पण पूर्ण नाही’ अशा उत्तरांची. तारखेचं ते फंक्शन याच जातीचं.

एजंट आल्यापासून तर स्वीकाराचा दरही मागे पडला. क्लॉड कोडसारख्या साधनाला काम सांगितलं की ते स्वतः फाइली शोधतं, बदलतं, टेस्ट चालवतं आणि कमिट तयार करतं. तिथे राखाडी अक्षरं नाहीत आणि टॅबही नाही. मग कंपन्या दुसऱ्या आकड्याकडे वळल्या: किती टक्के कोड एआयने लिहिला? गूगलचे सुंदर पिचाई ऑक्टोबर २०२४ मध्ये म्हणाले, आमच्या नव्या कोडपैकी पाव हिश्शाहून अधिक कोड एआय तयार करतं आणि इंजिनियर तो तपासतात. एप्रिल २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे सत्या नाडेला यांनी २० ते ३० टक्के असा आकडा सांगितला. हे आकडे वापर किती पसरला आहे ते दाखवतात. त्यातून फायदा किती झाला ते दिसत नाही, कारण त्याखाली मोजमाप आहे ते जुनंच: ओळी आणि अक्षरं.

ओळी मोजण्याचा फोलपणा या व्यवसायाला चाळीस वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. १९८२ च्या सुमारास अॅपलमध्ये लिसा या संगणकाचं काम चालू असताना मॅनेजरांनी एक साप्ताहिक फॉर्म काढला. आठवड्यात किती ओळी लिहिल्या ते त्यात भरायचं. बिल अॅटकिन्सन यांनी त्या आठवड्यात चित्रं काढणारा भाग नव्याने रचला होता. तो आधीपेक्षा कितीतरी वेगवान झाला होता आणि दोन हजार ओळी कमी झाल्या होत्या. त्यांनी फॉर्मवर उणे २००० असं लिहिलं. काही आठवड्यांनी त्यांच्याकडे फॉर्म मागणं बंद झालं. आज एआयला सांगितलं तर ते मिनिटात दोन हजार ओळी देतं. त्यातल्या किती नको होत्या, हे सांगणारा अॅटकिन्सन टीममध्ये असणं आजही तितकंच मोलाचं आहे, आणि कुठल्याही ओळमोजणीत त्याचं मोल उणेच दिसणार.

मग मोजायचं काय? निकोल फोर्सग्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ‘स्पेस’ ही चौकट मांडली. समाधान, कामाचा परिणाम, हालचाल, आपसातला संवाद आणि कामाचा अखंड प्रवाह अशा पाच अंगांनी पाहा, एकाच आकड्यावर कधीच विसंबू नका, हे तिचं म्हणणं. त्याआधीपासून चालत आलेल्या ‘डोरा’ संशोधनाचा भर टीमवर होता: कोड किती वेळा प्रॉडक्शनमध्ये जातो, लिहिल्यापासून तिथे पोहोचायला किती वेळ लागतो, किती बदल बिघडतात, बिघडलेलं किती लवकर सावरतं. मला ही दुसरी वाट जास्त भरवशाची वाटते, कारण ती टॅबपासून दूर, ग्राहकाच्या जवळ उभी राहून मोजते.

आणि तिथून पाहिलं तेव्हा चित्र गुंतागुंतीचं निघालं. डोराच्या २०२४ च्या अहवालाचा अंदाज असा होता, की एआयचा वापर २५ टक्क्यांनी वाढला तर कोडची कागदपत्रं सुधारतात, कोडचा दर्जाही थोडा सुधारतो, रिव्ह्यू थोडे वेगाने होतात. पण काम बाहेर पडण्याचा वेग दीड टक्क्याने आणि स्थिरता ७.२ टक्क्यांनी घटते. प्रत्येक तुकडा सुधारतो आणि एकूण मात्र घसरतं, हे कसं? अहवालाने सुचवलेलं कारण मला पटतं. कोड सहज मिळू लागला की एकेक बदल फुगतो. मोठा बदल वाचायला अवघड, मोडायला सोपा. २०२५ च्या अहवालात ९० टक्के लोक एआय वापरत होते. वेगाचं नातं आता सुधारलं होतं, स्थिरतेचं अजूनही उणेच होतं. ज्या टीमची घडी नीट बसलेली असते तिला एआय पुढे नेतं, आणि जिची विस्कटलेली असते तिचा विस्कळीतपणाच वाढवतं, असा त्या अहवालाचा सूर आहे.

एका तुकड्यातला फायदा एकूणात किती लहान होतो, ते आठवड्याच्या हिशेबातही दिसतं. चाळीस तासांच्या आठवड्यात एखादा प्रोग्रॅमर बारा तास कोड लिहितो असं धरा. बाकी वेळ मीटिंग, रिव्ह्यू, ग्राहकाला नेमकं काय हवं आहे ते समजून घेणं, बिघाड शोधणं. कोड लिहिण्यात पाव वेळ वाचला तर तीन तास वाचले, म्हणजे आठवड्याचे साडेसात टक्के. त्यातला एक तास सीनियरच्या वाढीव रिव्ह्यूत गेला तर उरले दोन. हेही कमी नाही. पण पंचावन्न टक्क्यांची स्वप्नं पाहून कोणी टीममधली माणसं कमी केली असतील, तर ती टीम लवकरच अडकणार.

महाराष्ट्राला या मोजणीशी थेट कर्तव्य आहे. पुण्यात टीसीएसने १९८१ मध्ये टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर उभं केलं. आराखड्यावरून आपोआप कोड तयार करणाऱ्या मास्टरक्राफ्ट या साधनामागे तिथलंच संशोधन होतं. यंत्राने कोड लिहिणं या शहराला नवं नाही. नवी आहे ती त्याची व्याप्ती. हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातल्या कित्येक कंपन्या ग्राहकाला तासांच्या दराने बिल लावतात. आठ तासांचं काम सहा तासांत झालं तर उरलेले दोन तास कोणाचे? ग्राहक म्हणणार, बिल कमी करा. कंपनी म्हणणार, आणखी काम घ्या. प्रोग्रॅमरला वाटणार, मला शिकायला वेळ मिळेल. या तिघांत वाटाघाट होते तेव्हा टेबलावर आकडा लागतो, आणि ज्याच्याकडे स्वतःचा मोजलेला आकडा नसेल त्याला समोरच्याचा मान्य करावा लागतो. म्हणून हे मोजमाप फक्त मॅनेजरांवर सोडू नये, असं मला मनापासून वाटतं. प्रोग्रॅमरांनी स्वतःही ते समजून घ्यायला हवं.

एक धोका मात्र टाळायलाच हवा. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल एक निरीक्षण मांडलं होतं: नियंत्रणासाठी एखाद्या आकड्यावर दाब दिला की त्याचं जुनं नातं ढासळतं. एआयच्या वापराचा आकडा अप्रेझलमध्ये घातला की लोक तो वाढवतात. टॅब दाबतात आणि लगेच खोडतात, एजंटला क्षुल्लक कामं देतात, दोन ओळींचा बदलही त्याच्याकडून करून घेतात. आकडा वर जातो आणि त्यातून काही कळेनासं होतं. ज्याने विचारपूर्वक नकार दिला, त्याच्या नावापुढे मात्र कमी वापराचा शिक्का बसतो. गिटहबने आपल्या मेट्रिक्ससाठी पाचपेक्षा कमी लायसन्सधारक असतील तर आकडे न दाखवण्याची अट सुरुवातीला ठेवली होती, ती याच दृष्टीने शहाणपणाची होती. मोजमाप टीमचं असावं, माणसाचं नसावं.

पद्धत फार अवघड नाही. सगळ्या टीमना एकाच दिवशी साधन देऊ नका; चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना आधी द्या, उरलेल्यांना तीन महिन्यांनी. दरम्यान दोन्हींकडे त्याच चार-पाच गोष्टी पाहा: काम सुरू झाल्यापासून प्रॉडक्शनपर्यंतचे दिवस, पहिला रिव्ह्यू मिळेपर्यंतचे तास, बदलांचा आकार, महिन्याभरात पुन्हा लिहावा लागलेला कोड, बाहेर निसटलेले बग. त्याला जोडून लोकांना निनावी प्रश्न विचारा, पण ‘फायदा झाला का?’ असं विचारू नका. ‘गेल्या आठवड्यात एआयने दिलेलं काय टाकून द्यावं लागलं?’ असं विचारा. याचं उत्तर देताना माणसाला प्रत्यक्ष घटना आठवावी लागते. रिव्ह्यू करणाऱ्यांना वेगळं विचारा. ओझं त्यांच्याकडे सरकलं असेल तर ते त्यांनाच माहीत असतं. आणि शिकाऊ मंडळींना वर्षभराने विचारा, की एआय बंद असताना बग शोधता येतो का. हा प्रश्न कुठल्याही डॅशबोर्डवर नसतो.

या सगळ्याला एक गोष्ट आधी लागते: साधन येण्यापूर्वीची नोंद. तुमच्या एखाद्या टीमने एआय अजून घेतलं नसेल, किंवा नवा एजंट पुढच्या महिन्यात येणार असेल, तर मागच्या तीन महिन्यांचे हे आकडे याच आठवड्यात काढून, तारीख घालून, जपून ठेवा. आधीचे आकडे नसतील तर नंतरच्या आकड्यांची तुलना कशाशीच करता येत नाही.